बिनइंजिनाची गाडी

आमच्या वाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी आणखी चार गाड्या येतील. लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आम्ही राहतो, एवढं पुरे.

वाडीच्या डोक्यावर देवीची राई आहे आणि राईत एक झरा आहे. कातळाच्या कपारीतून बारीक धार येते, खाली दगडात कोरलेल्या कुंडात पडते, आणि कुंड भरलं की पाणी उतारावर पसरतं. पसरतं असं लिहिलं, पण आता ‘पसरायचं’ लिहायला हवं. पावसाळ्यात त्या झऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. नळाची योजना आली तेव्हा फोटो काढायला सगळे जमले होते. तो नळ होळीपर्यंत चालतो, मग फुसफुसतो आणि गप्प होतो. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत आख्खी वाडी त्या बारीक धारेवर जगायची. हंडा भरायला वेळ लागे, म्हणून बायका तिथे बसायच्या आणि सुनांबद्दल बोलायच्या. मी सून होते तेव्हा माझ्याबद्दल बोलायच्या. पुढे मीही बोलले.

राईत इंजिन न्यायचं नाही, असा वाडीचा नियम होता. तो कसा झाला ते मला ठाऊक आहे, कारण मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते. खालच्या गावातल्या एकाने राईच्या वरच्या तुकड्यात कोबी-फ्लॉवर लावला आणि भर उन्हाळ्यात त्याला पाणी द्यायला आमच्या कुंडावर डिझेलचं इंजिन आणून बसवलं. इंजिन म्हणजे पाणी उपसायचा पंप. आम्हाला तेव्हा दोनच इंजिनं माहीत होती. एक हे, आणि दुसरं खंडाळ्याच्या घाटात रेल्वेला मागून रेटणारं. रेल्वे काही राईत येणार नव्हती. या पंपाने कुंड पुसून घेतलं. आम्ही बायका वाटीने गाळ उपसत बसायचो आणि तो वरच्या अंगाला उभा राहून फ्लॉवरला पाणी पाजायचा. शेवटी वाडीतल्या म्हाताऱ्यांनी ते इंजिन उचलून त्याच्या फ्लॉवरात नेऊन आपटलं, आणि देवीपुढे सगळ्यांनी शपथ घेतली की राईत इंजिन आणायचं नाही.

ती म्हातारी माणसं गेली. नियम राहिला, पण इंजिन म्हणजे काय ते बदललं. मोटारसायकली आल्या, जीपगाड्या आल्या, आणि पुढच्या माणसांना वाटू लागलं की देवीला धूर आणि आवाज खपत नाही. राईतून जायचं असलं तर मोटारसायकल बंद करून ढकलत न्यायचे. ते काही वाईट नव्हतं. अर्थ चुकला तरी झरा राखला जात होता.

मग वाडीच्या खाली पुण्याच्या एका माणसाने तंबू टाकले. तंबू म्हणजे आत पलंग, पंखा, आरसा, आणि बाहेर पाटी, निसर्गात राहा. त्याला आलेल्या पाहुण्यांना गाडीतून राईतून वर सड्यावर, माथ्यावरच्या उघड्या कातळावर, न्यायचं होतं. तिथून दरी दिसते आणि फोटो चांगले येतात. त्याने जीप आणली, लोकांनी अडवली. नियम सांगितला. तो हुशार माणूस. भांडला नाही. विचारलं, “इंजिन नको ना? बाकी काही नाही ना?” लोक म्हणाले, नाही. पुढच्या महिन्यात तो बॅटरीवर चालणारी पिकअप घेऊन आला.

माल वाहायचीच गाडी ती, पण तिला गुडघ्याच्या वर येतील एवढे टायर लावून उंच केलेली. मागच्या हौद्यात धरायला लोखंडी दांड्या. आणि चालवायला माझा मुलगा. तो आधी तळेगावला एका कारखान्याच्या गाडीवर होता. घराजवळ काम मिळालं म्हणून आला. त्याला एक टी-शर्ट मिळाला, पाठीवर इंग्रजीत काहीतरी. घरी येऊन म्हणाला, “आये, याला ऑफरोड म्हनत्यात.”

“म्हंजी?”

“जितं रस्ता न्हाई तितनं गाडी न्यायाची.”

“कशापायी?”

“मजा म्हनून.”

मी म्हटलं, आमची सगळी हयात रस्ता द्या, रस्ता द्या करण्यात गेली, बाळंतिणीला झोळीत घालून खाली नेलं, आणि या लोकांना रस्ता आहे तर तो सोडायचाय. तो हसला. वाडीतली माणसं ऑफरोडला ‘हापरोड’, म्हणजे अर्धा रस्ता, म्हणू लागली. तेच बरोबर होतं.

वाडीची बैठक देवळात बसली. आमच्यात बायका बैठकीला बसत नाहीत, पायरीशी उभ्या राहतात. मी उभी राहिले. माझे चुलत दीर पूर्वी सरपंच होते, अजूनही बैठकीत तेच बोलतात. ते म्हणाले, “गाडीला इंजिन न्हाई. मी स्वता झाकन उघडून बघितलंय.”

मी पायरीवरून विचारलं, “मंग आत काय हाय, भावजी?”

“मोटर हाय.”

“कसली मोटर?”

“वहिनी, बोरवर असती तसलीच, फकस्त मोटी.”

“मंग ती पानी उपसायचीच झाली की.”

सगळे खदखदून हसले. कोणीतरी म्हणालं, “मावशीला आता गाडीतनं हंडं भरायचं हायेत.” मी त्यांना फ्लॉवरवाल्याची गोष्ट सांगायला लागले. इंजिन नको म्हणजे झऱ्याला धक्का नको, असा त्याचा अर्थ होता, हे सांगितलं. दीर म्हणाले, “तवाचं तवा. शपथ इंजिनाची हाय. झऱ्याची कुटं हाय?” तंबूवाल्याने देवळाला फरशी बसवून द्यायचं कबूल केलं होतं, आणि माणसं त्या फरशीवर आत्ताच बसल्यासारखी ऐसपैस बसली होती.

तरी भीती होतीच, म्हणून कौल लावायचं ठरलं. देवीच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर फासलेल्या दगडाला, दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि दीर हात जोडून म्हणाले, “आई, बिनइंजिनाची गाडी तुज्या राईतनं गेली तर चालंल का?”

देवीला विचारायचंच होतं तर झऱ्याचं विचारायचं. गाडी जाईल तिथे झरा राहील का, असं विचारायचं. यांनी वकिलासारखा प्रश्न घोळवला आणि तिच्यापुढे ठेवला. बिनइंजिनाची चालेल का? चालेल म्हणजे काय, बैलगाडीही चालतेच. उजवी पाकळी पडली. भंडारा उधळला. फरशी बसली. तिच्यावरून पावसाळ्यात तीन-चार जण घसरून पडले, त्यात दीरही होते. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही.

शनिवार-रविवारी गाडी सुरू झाली. मी मुलाला पहिल्या दिवशीच सांगितलं, “राईत दोन वाटा हायेत. वरच्या कोरड्या वाटनं ने. खालची झऱ्याच्या पान्यातनं जाती, तिकडं चाक घालू नको.”

“न्हाई गं, वरच्याच वाटनं नेतो,” तो म्हणाला. दर वेळी विचारलं की हेच म्हणायचा. पण होळी झाली, नळ गप्प झाला, आणि झऱ्यावर जावं तर पाणी गढूळ. कुंडाच्या खाली टायरांचे चर. मी घरी येऊन विचारलं. म्हणाला, “जनावरं उतरली असतील.”

“जनावरांना टायर हायेत व्हय?”

“आये, तू उगा संशेव घेती. एकदा बस गाडीत, म्हंजी कळंल तुला.”

त्याने ते बोलण्यापुरतं म्हटलं होतं. मी म्हटलं, बसते. येत्या रविवारीच बसते. सून पीठ मळत होती, ती म्हणाली, “आत्या, कंबर मोडंल.” मी म्हटलं, मोडू दे. मला बघायचं होतं की माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलतोय की नाही. दुसरं काही बघायचं नव्हतं. दरी मी जन्मभर बघितली आहे.

रविवारी सकाळी मी पुढे त्याच्या शेजारी बसले. मागे हौद्यात पाच-सहा पाहुणे उभे. त्यांच्यात एक जण डोक्यावर गॉगल चढवलेला. आवाज त्याचाच जास्त. मुलाने बटण दाबलं. ‘टिंग’ असं काहीतरी वाजलं. मी वाट बघत बसले की गाडी कधी सुरू होते, तर झाडं मागे जायला लागली होती.

गाडीला गिअर नव्हता. मुलगा एका हाताने चालवत होता आणि दुसऱ्या हाताने मला दाखवत होता. हा बॅटरीचा आकडा, चढाला भराभर उतरतो, येताना उताराला थोडा परत चढतो. “उताराला बॅटरी आपली आपून भरती, आये.” एवढा आनंद त्याने पोरगी झाली तेव्हा दाखवला नव्हता. गाडी तो चांगली चालवतो, ते लिहिलंच पाहिजे. सुट्या दगडांच्या चढावर एकेक चाक असं ठेवत नेत होता की मला समोरचा दांडा धरावा लागला नाही. मी विचारलं, “पलटी हुत न्हाई का?”

“न्हाई हुत. बॅटरी लय जड, आन सगळी खाली. वजनानं चिकटून ऱ्हाती जमिनीला.”

हे त्याने कौतुकाने सांगितलं. मी खाली बघत होते. साध्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत सगळं झाकलं जातं. हिच्यात झाकायला काही नाही. टायरखाली फांदी मोडलेली ऐकू येते. दगड दगडावर घासलेला ऐकू येतो. वारूळ फुटलेलं ऐकू येतं, मऊ, फस् करून. आणि वर माणसं बोंबलतात. गाडी गप्प असते म्हणून ती आणखी मोठ्याने बोंबलतात. जिथे आम्ही बायका डोक्यावर पदर घेऊन हळू बोलत जायचो, तिथे एक बाई किंचाळत होती आणि दुसरी तिला सांगत होती की परत किंचाळ, मघाशी फोन चालू नव्हता.

दोन वाटा फुटतात तिथे मुलाने गाडी वरच्या अंगाला वळवली. माझ्याकडे बघितलं, बघ, असं. मला वाटलं, आपणच वाईट आहोत, पोराचं खरं आहे.

तेवढ्यात टपावर थापा पडल्या. गॉगलवाला वाकून खिडकीत ओरडला, “भैया, इधर कहाँ? वीडियो में तो पानी था! पानी में डालो ना!”

मुलाने न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा थापा. “पैसे कीचड़ के दिए हैं यार!”

मार्च संपत आला की आमच्याकडे सगळं कोरडं ठक्क असतं. चिखल एकाच ठिकाणी असतो. तेव्हा मला कळलं की हे लोक दरीसाठी येतच नाहीत. चिखलासाठी येतात, आणि चिखल आमच्या पिण्याच्या पाण्याचा करतात.

मी म्हटलं, “व्हिडिवो कुनी काडला?”

तो समोर बघत राहिला. कान लाल झाले होते. लहानपणी गूळ चोरला की असेच व्हायचे. म्हणाला, “आये, एकदाच.”

“किती येळा एकदाच?”

“मालक बोलतो मला. तू गप बस आता.”

आणि त्याने स्टेअरिंग खालच्या वाटेकडे फिरवलं. मला गप बस म्हणाला आणि फिरवलं.

पाणी फार नव्हतं, पोटरीएवढंही नाही. पुढची चाकं गेली. मागची चाकं कुंडाच्या कडेच्या कातळावर चढली, आणि आवाज आला. मोठा नाही. काल केलेली वाळकी भाकरी मोडावी तसा. गाडी माझ्या अंगाला कलली. मागे सगळ्यांनी हुर्रे केलं. मुलाने पाय दाबला, मागचं चाक जागेवरच फिरलं आणि चिखलाचा फवारा वर उडाला, झाडांवर, काचेवर, त्यांच्या तोंडांवर. मग गाडी बाहेर निघाली. टाळ्या वाजल्या. गॉगलवाल्याच्या तोंडात पाणी गेलं होतं. तो थू थू करत थुंकत होता, झऱ्यातच, आणि हसत होता.

मी उतरले. मुलगा म्हणाला, “कुटं चालली? वर जायाचंय अजून.” मी म्हटलं, “तू जा.” कुंडाचा कातळ मधोमध दुभंगून एका अंगाला बसला होता. आत हात घातला. बोटं फटीत गेली आणि पाणी बोटांवरून खाली जाताना लागलं. सड्यावर जाऊन त्यांनी फोटो काढले असतील. मी चालत घरी आले.

आठवडाभर बायकांनी गाळ काढला. धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग कपार नुसती ओली राहिली. पाण्याने आत दुसरी वाट धरली होती. तंबूवाल्याने माणूस पाठवून फटीत सिमेंट भरलं. सिमेंट चांगलं बसलं. पाणी आलं नाही.

पुन्हा बैठक. पुन्हा मी पायरीशी. मला वाटत होतं, आता तरी गाडी थांबेल. दीर म्हणाले, “गाडीचा काय दोष न्हाई. कौल उजवा हुता. हे पावनं चपला घालून राईतनं जात्यात, त्यानं झालं.”

मी म्हटलं, “भावजी, ते गाडीत उबं असत्यात. चपला देवीला कुटं लागल्या?”

“वहिनी, गाडीत असल्या तरी राईतच की.”

गाडी राईतनं गेलेली चालते म्हणे, पण तिच्यातल्या चपला चालत नाहीत. इथवर या माणसांची अक्कल पोहोचली होती. ठराव झाला की राई लागली की पाहुण्यांनी चपला काढून पोत्यात टाकायच्या. पोतं गाडीला बांधलेलं. पाहुण्यांना ते फार आवडलं. अनवाणी, निसर्गात. त्याचाही व्हिडिओ निघाला.

मुलगा त्या दिवसानंतर माझ्यासमोर जेवायला बसताना मान खाली घालायचा. सून म्हणाली, “आत्या, बोला तरी त्यांना.” काय बोलायचं? तो म्हणाला असता, एकदाच.

एप्रिलमध्ये पाण्याचे हाल सुरू झाले. खालच्या गावातल्या विहिरीला चढून-उतरून माझे गुडघे गेले. मग एके दिवशी मुलगाच मालकाला विचारून हौद्यात निळे ड्रम घालून तंबूच्या बोअरचं पाणी वाडीत घेऊन आला. लोकांनी त्याचं काय कौतुक केलं! “पोरगं गुनाचं हाय, मावशी.” “ह्या चढाला दुसरी गाडी आलीच नसती.” ते खरंच होतं. भरल्या ड्रमांसकट ती चढ चढून येते, धाप न लागता. बायका रांगेत उभ्या राहून म्हणत, गाडी नसती तर कोणी आणलं असतं पाणी? मी एकदा म्हटलं, गाडी नसती तर आणावं लागलं नसतं. सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी काही अशुभ बोलले.

गेल्या शनिवारी ड्रम आले ते निम्मेच. रांगेतल्या बायका ड्रम वाजवून बघायला लागल्या. मी पुढे जाऊन विचारलं, “बाकीचं कुटं गेलं?”

मुलगा नळी मोकळी करत होता. म्हणाला, “वाट भिजवायला लागती.”

“कुटली वाट?”

“राईतली. तितं आता कायच न्हाई ना. पावनं वरडत्यात, चिखल न्हाई म्हनून. मालक म्हनला, आदी तितं वत, मंग वाडीत ने.”

मी रांगेकडे बघितलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. दिरांची बायको म्हणाली, “मंग काय झालं? उरलं तेवडं देतोय की बिचारा.” आणि तिने हंडा पुढे सरकवला. तिच्यामागे दुसरीने सरकवला. एकीच्याही तोंडावर काही नव्हतं. भाजीवाल्याने उरलेला पाला दिला की घेतात तसं चाललं होतं.

माझा नंबर आला तेव्हा मीही हंडा लावला. घरात भात शिजवायचा होता, आणि तो भात संध्याकाळी येऊन त्यालाच खायचा होता. हंडा उचलताना त्याने हात लावला. म्हटलं, “सोड.” त्याने सोडला.

घरी येऊन सुनेने पातेल्यावर फडकं धरलं, मी पाणी ओतलं. फडक्यावर काळा गाळ उरला, आणि त्यात कुजलेल्या पानांचे तुकडे. राईतलीच माती ती, दुसरीकडे कुठे असली माती नाही. वाट भिजवताना नळीचं तोंड चिखलात पडलं असणार, आणि तीच नळी त्याने आमच्या हंड्यात सोडली. सून म्हणाली, “शी! टाकून देऊ का, आत्या?”

“आन मंग काय पिनार?”

फडकं धुवायला पाणी घालवलं नाही. दाराबाहेर झटकलं, पालटून दुहेरी केलं आणि पाणी पुन्हा गाळलं. मग तांदूळ धुऊन चुलीवर ठेवले.